पुढचा गेला म्हणून

प्रेमा सावंतचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नाही. रिक्षात बसली की तो समोरचा पत्रा दाबतो, बसमध्ये पुढच्या सीटखालची नळी दाबतो, आणि घरी टीव्हीवर कुणी जोरात गाडी हाणत असला तर बिचाऱ्या फरशीलाही सोडत नाही. शेजारणी हसतात. म्हणतात, "अगं, फरशीला ब्रेक नसतो." प्रेमाही हसते, पण पाय काही उचलत नाही.

दोष पायाचा नाही, धंद्याचा आहे. प्रेमा अंधेरीत मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकाऊ गाडीत स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं, पण डावीकडे बसलेल्या मास्तरणीच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. गेली कित्येक वर्षं प्रेमा त्या डाव्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका आपल्या पायाने थांबवत आली आहे. असं आयुष्य काढलेल्या बाईला जगात कुठेही निवांत बसता येत नाही. समोरून माणूस आला की तिला वाटतं, आता हा आडवा येणार. दूध उतू जाण्याआधी ती गॅस बंद करते आणि चहा पाणचट पिते.

नियम शिकवताना मात्र तिला चेव येतो. लर्निंग लायसन्सची परीक्षा द्यायला आलेल्या मंडळींना वाटतं, चार खुणा पाठ केल्या की झालं. प्रेमा त्यांना सोडत नाही. सिग्नल तोडला तर नुसता दंड भरून सुटका नाही, लायसन्सही काही महिन्यांसाठी जाऊ शकतं. कॅमेरा फोटो काढतो आणि चलन गाडी ज्याच्या नावावर त्याच्या मोबाईलवर येतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, मग अंबाडा मोडला तरी चालेल. "आणि पुढचा गेला म्हणून मी गेलो, हे कारण मला सांगायचं नाही," ती दर तुकडीला बजावते. "पुढचा विहिरीत गेला तर जाणार का मागून?"

त्या दिवशी वर्गात श्वेता नावाची बँकेत नोकरी करणारी मुलगी होती. तिने हात वर केला. "मॅडम, स्कूटर माझ्या नावावर आहे, पण घरचंच कुणी घेऊन गेलं तर?"

"घरचं म्हणजे कोण?"

"समजा, सासरे. त्यांचं लायसन्स संपलंय."

वर्ग हसला. प्रेमाने फळ्याकडे तोंड केलं आणि तिथूनच उत्तर दिलं. "लायसन्स नसताना चालवणाऱ्याला दंड वेगळा आणि त्याला गाडी देणाऱ्या मालकाला वेगळा. अपघात झाला तर विमा कंपनीही भांडते. घरचा असो, दारचा असो, किल्ली ज्याची त्याची जबाबदारी."

उत्तर चोख होतं. फक्त बोलताना तिचा पाय फळ्याखालचा लाकडी पाट दाबत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने प्रेमाचं घर बघितलं असावं. तिचीही स्कूटर तिच्या नावावर होती. तीही घरचंच माणूस घेऊन जात होतं, आणि त्याचंही लायसन्स गेल्या गणपतीत संपलं होतं.

ते माणूस म्हणजे तिचे वडील, भाऊ.

भाऊ मूळचे मालवणकडचे. तरुणपणी लालबागच्या गिरणीत कापडाच्या गाठी वाहणारा ट्रक चालवायचे. संपात गिरणी गेली तसे ते अंधेरीच्या आंबोलीत आले. मग पाण्याचा टँकर, मग टॅक्सी, मग कुठल्याशा शेठची गाडी. मुंबईत इतकी वर्षं स्टिअरिंग धरलेल्या या माणसाच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. प्रेमाचं सुशांतशी झालेलं लग्न मोडलं आणि ती बॅग घेऊन परत आली, तेव्हा आई रडत बसली. भाऊ रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठच्या परवानगीने त्याची जुनी गाडी आणली आणि प्रेमाला लोखंडवालाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. "रडाचा तर गाडी चालवता चालवता रड," म्हणाले. "पण आरशात बघीत ऱ्हव."

पक्क्या लायसन्सच्या चाचणीला आरटीओच्या दारातच एक दलाल भेटला. म्हणाला, बाईमाणूस आहे, कशाला चाचणीच्या भानगडीत पडता, मी बघतो. भाऊंनी त्याला असा हाकलला की तो दोन दुकानं पलीकडे जाऊन उभा राहिला. प्रेमा त्या दिवशी नापास झाली. चढावर गाडी मागे घसरली. ती रडवेली बाहेर आली, तर भाऊ खुशीत. "खोटी पास होण्यापरास खरी नापास हो," म्हणाले, आणि तिथून थेट वेसाव्याच्या मासळी बाजारात जाऊन बोंबील घेऊन आले. संध्याकाळी स्वतः तळले. सावंतांच्या घरात नापास झाल्याबद्दल मेजवानी झाली, ती तेव्हाच. पुढच्या खेपेला ती पास झाली, तेव्हा साधी आमटी होती.

आणि आता त्याच भाऊंचा कागद तिच्या पर्समध्ये पडला होता.

लायसन्स संपून वर्ष होत आलं होतं. वर्ष उलटायच्या आत अर्ज केला तर ठीक, नाहीतर या वयात नव्याने चाचणी. अर्जाला डॉक्टरचा दाखला लागतो, की माणसाचे डोळे, कान, हातपाय ठीक आहेत. प्रेमाने आधी सरळ मार्ग धरून बघितला होता. "भाऊ, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया." भाऊ भडकले. "माका काय झाला? टँकर चालवलंय मी, टँकर!" मग तिने धोंडिरामशेठला सांगितलं. धोंडिराम म्हणजे तिच्या स्कूलचा मालक. माणूस वाईट नाही, पण त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर होता, जो चहा पिता पिता गठ्ठ्याने सह्या करायचा. माणूस समोर असायची गरज नसायची. सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. भाऊंचा दाखला एका दिवसात आला. दृष्टी उत्तम.

तो कागद नेटवर चढवायचा तेवढा बाकी होता. प्रेमाच्या हातून ते होईना. रोज रात्री ती लॅपटॉप उघडायची आणि मिटायची. रोज सकाळी भाऊ चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "तो कागद झालो काय गो?" आणि ती म्हणायची, "साईट बंद आहे."

खरं कारण तिलाही कळत होतं. आई गेल्यापासून भाऊंच्या आठवड्यात दोनच दिवस जिवंत होते, बुधवार आणि रविवार, कारण त्या दिवशी ते स्कूटर काढून वेसाव्याला मासे आणायला जायचे. बाकीचे दिवस खिडकीत. ती स्कूटर काढून घेणं म्हणजे माणसाला खिडकीतच बसवून ठेवणं. ते करायला तिचा हात धजत नव्हता, आणि दाखला चढवायलाही धजत नव्हता. मधल्या मध्ये तिचा जीव टांगणीला लागला होता. भाऊ बाहेर पडले की ते परत येईपर्यंत ती घरभर फिरायची, खिडकीशी जायची, दार उघडायची. पाय फरशी दाबत असायचा.

त्यात चलन आलं. सिग्नल तोडल्याचं. फोटोत स्कूटर, तिच्यावर भाऊ, हँडलला माशांची पिशवी. पंधरवड्याने दुसरं आलं.

"भाऊ, तुम्ही सिग्नल तोडता?" प्रेमाचा आवाज चिरकला. "तुम्ही?"

"पुढचो गेलो म्हणून मी गेलंय," भाऊ म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

हे वाक्य तिला झोंबलं. दंडापेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या कुणी हे कारण दिलं असतं तर तिने नेहमीसारखं झापून सोडून दिलं असतं, पण भाऊंनी द्यावं? म्हातारपणी माणूस बेफिकीर होतो, तसे झाले असणार, असं तिने ठरवलं आणि त्या रविवारी ती हेल्मेट घालून स्कूटरजवळ उभी राहिली. "मीही येते."

"कित्याक?"

"बोंबील खायची इच्छा झालीय."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. "बस पाठी," म्हणाले.

बापाच्या मागे बसून प्रेमा किती वर्षांनी निघाली होती, तिला आठवेना. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, वर मेट्रोचा पूल. भाऊंनी स्कूटर अशी मऊ काढली की ती क्षणभर सुखावली. ही सफाई तिला शिकवून आली नव्हती, यांच्याकडे बघून आली होती. पहिल्या सिग्नलला भाऊ रीतसर थांबले, पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे. पुढे एक टेम्पो उभा होता. प्रेमाला वाटलं, आपण उगाच संशय घेतला.

मग हिरवा झाला. टेम्पोवाला फोनवर बोलत होता, तो हलला नाही. भाऊही हलले नाहीत. मागून हॉर्न वाजले. भाऊंनी मान टेम्पोकडे धरलेली, सिग्नलकडे नाही. टेम्पो हलला, तेव्हा स्कूटर हलली. प्रेमाच्या कपाळावर हेल्मेटच्या आत घाम आला.

दुसऱ्या सिग्नलला पुढे फक्त एक मोटारसायकलवाला होता. सिग्नल लाल, लख्ख लाल. मोटारसायकलवाल्याने डावीउजवीकडे बघितलं, रस्ता रिकामा दिसला आणि तो सटकला. भाऊ त्याच्या मागोमाग निघाले, घाईत नाही, बेफिकीर नाही, अगदी हळू, शहाण्यासारखे, हिरव्यात निघावं तसे. उजवीकडून बस येत होती.

"भाऊ!"

प्रेमाचा पाय स्कूटरच्या पायटीवर आपटला. दाबला, पुन्हा दाबला. तिथे ब्रेक नव्हता. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला, खिडकीतून काहीतरी ओरडला, आणि बसचं तोंड त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर थांबलं. भाऊंनी स्कूटर रस्त्याकडेला घेतली.  प्रेमाचा पाय अजून पायटी दाबत होता.

"मी चालवते," ती म्हणाली.

"आलाच आता वेसावा," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा निघाले. तिला त्यांना हात धरून खाली उतरवायला हवं होतं. तिने ते केलं नाही. वर्गात आवाज चढवणारी बाई बापाच्या पाठीला धरून गुपचूप बसली, कारण मुलीला बापाच्या हातातून हँडल काढून घेणं जमत नाही. बाकीच्या वाटेवर ती दर सिग्नलला "लाल आहे, भाऊ", "झाला हिरवा" असं सांगत राहिली, आणि भाऊंनी एकदाही विचारलं नाही की हे मला कशाला सांगतेस.

वेसाव्याच्या बाजारात सुगंधा कोळीण बसते. भाऊ तिच्याशिवाय कुणाकडून मासा घेत नाहीत. तिने प्रेमाला बघून तोंडभरून हाक मारली आणि सुरमई पुढे केली. भाऊंनी मासा हातात घेतला, पोटाला बोटाने दाबला, नाकाशी नेला, पाटीत ठेवला, दुसरा घेतला. प्रेमा बघत राहिली. लहानपणापासून तिने या माणसाला मासा घेताना बघितलं होतं. पहिलं काम म्हणजे कल्ले उघडायचे. लालभडक असतील तर मासा ताजा, फिकट पडले असतील तर शिळा. भाऊ कल्ले उघडल्याशिवाय पापलेटाचा भावही विचारायचे नाहीत.

आज त्यांनी कल्ल्यांना हात लावला नाही.

सुगंधाने प्रेमाकडे बघितलं. भाऊ पलीकडे सुकट बघायला गेले तशी ती हळूच म्हणाली, "पोरी, तुजा बाप आता कल्लं नाय उघडत. बोटानं बघतो. मी त्याला शिला नाय देत, देवाशपथ. पन एकदा डोल्यांचा बघा त्याच्या."

प्रेमाने मान हलवली. बोलली असती तर बाजारात रडली असती. म्हणजे भाऊ बेफिकीर झाले नव्हते. त्यांना लाल दिवा लाल दिसतच नव्हता. इतके महिने हा माणूस पुढच्याच्या भरवशावर गाडी चालवत होता. पुढचा थांबला की थांबायचं, पुढचा गेला की जायचं, आणि पुढचा शहाणा निघावा अशी देवाकडे प्रार्थना करायची. अंधेरीच्या रस्त्यावर! आणि तिच्या पर्समध्ये कागद होता, दृष्टी उत्तम.

ताज्या बोंबलांची पिशवी घेऊन दोघं खाडीच्या बाजूला आले. बांबूंवर बोंबील वाळत होते. स्कूटर तिथेच लावलेली. भाऊंनी खिशातून किल्ली काढली तसा प्रेमाने पर्समधून तो कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"साईट बंद नाही, भाऊ. कधीच नव्हती. हा तुमचा दाखला. तुमचे डोळे चांगले आहेत, असं लिहिलंय यात."

भाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि खाली केला. "डॉक्टरान माका न बघताच सही केल्यान?"

"हो."

"आणि तू घेतलंस?"

 एवढ्या वर्षांत आवाज न चढवता कुणी तिला असं मारलं नव्हतं. मग तिला रागही आला, खराखुरा. "रोज सकाळी तुम्हीच विचारत होता! कागद झालो काय, कागद झालो काय! डॉक्टरकडे तुम्ही गेला नाहीत, मग कागद काय आकाशातून पडणार होता? मेलो असतो आपण आता. बसखाली. आणि वरून इन्शुरन्सवाल्याने विचारलं असतं, गाडी कुणाची, दिली कुणी!"

बाजूला जाळं विणत बसलेला माणूस वळून बघायला लागला. भाऊंनी त्याच्याकडे पाठ केली आणि बोंबलांच्या रांगेकडे तोंड करून उभे राहिले.

"रोज विचारी होतंय, ह्या खरा," ते म्हणाले. आवाज इतका खाली की तिला जवळ जावं लागलं. "माका वाटा होता, आज नाय तर उद्या तू नाय म्हणतलंस. ओरडतलंस. वर्गात ओरडतंस तशी. तू नापास करशीत म्हणून मी वाट बघी होतंय गो. माझ्या तोंडान माका सांगूक जमणा नाय."

हे खरं होतं की त्या क्षणी सुचलेलं, ते वेसाव्याच्या देवीलाच ठाऊक. प्रेमाला ते खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून जास्त लागलं. रोज सकाळी बाप तिच्याकडे ब्रेक मागत होता, आणि दुसऱ्यांच्या पोराबाळांसाठी दिवसभर ब्रेक दाबणाऱ्या या बाईने घरात पाय वर घेतला होता. आणि भाऊंचा एकच कागद होता का? धोंडिरामशेठच्या गठ्ठ्यातले असे कितीतरी दाखले तिच्याच हातून पुढे गेले होते. त्यातले किती जण या घडीला पुढच्याच्या मागोमाग सिग्नल पार करत असतील, हा विचार तिच्या मनात शिरला आणि बसला. उद्या शेठशी बोलायचं, तिने ठरवलं. बोलल्यावर नोकरी राहील की जाईल, सांगता येत नव्हतं.

तिने डोळे पुसले, मास्तरणीसारखी ताठ उभी राहिली. "भाऊ."

"काय?"

"तुम्ही नापास."

भाऊंनी मोठा श्वास सोडला. हातातला कागद मधोमध फाडला, पुन्हा फाडला, आणि टाकायला जागा दिसेना म्हणून तुकडे आपल्याच खिशात कोंबले. मग किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ठेवताना बोटं थोडी रेंगाळली.

"डॉक्टरकडे उद्या जाऊया," ती म्हणाली. "खऱ्या. मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करून टाकू. मग चाचणी द्या."

"आणि मोतीबिंदू नसलो तर?"

 "बुधवारी मी सुट्टी घेईन," ती म्हणाली. "रविवारी तर मी असतेच. मागे बसून यायचं."

"धंदो सोडून माका मासळी बाजार दाखवतलंस?" भाऊ पुटपुटले, पण हेल्मेट घालायला लागले. पट्टा लागेना, तेव्हा प्रेमाने लावून दिला. लहानपणी ते तिच्या शाळेच्या बुटाची पट्टी लावायचे, तसाच अंगठा हनुवटीला टेकला. "चल," भाऊ म्हणाले. "आज बोंबील मी तळतंय. नापासाचे."

प्रेमाने स्कूटर काढली. मागे बसायची भाऊंना सवय नव्हती. कुठे धरावं कळेना, शेवटी त्यांनी उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. सात बंगल्याच्या नाक्यापर्यंत तिला कळलं की तो हात नुसता ठेवलेला नाही. पुढे रिक्षा वळली की बोटं आवळायची, माणूस रस्त्यात उतरला की आवळायची, ब्रेकची दांडी ओढावी तशी. बाप मागे बसून तिच्या खांद्यावर ब्रेक दाबत होता. तिने त्यांना हात काढायला सांगितलं नाही.

मेट्रोच्या पुलाखाली मघाशी बस अंगावर आली होती, तोच सिग्नल आला. लाल होता. प्रेमा पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबली. बाजूने एक मोटारसायकल आली, थोडी रेंगाळली आणि लालमध्येच निघून गेली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि ओरडला, "ओ मॅडम, खाली आहे रस्ता, चला ना!"

"लाल आसा?" भाऊंनी तिच्या कानाशी येऊन विचारलं.

"लाल आहे."

"पुढचो गेलो?"

"गेला."

खांद्यावरची बोटं घट्ट आवळली.

"जावंदे तेका," भाऊ म्हणाले.